लीलाअक्कांची अपुरी फेरी

मेहरूणच्या तलावाला रोज सकाळी चालायला जाणाऱ्या लीलाअक्का तलावाची फेरी कधीच पुरी करत नसत. पाळेवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, भराभरा निघायच्या, बोरीच्या झाडांखालून, धुणं धुणाऱ्या बायकांच्या मागून, थेट सांडव्यापर्यंत. भरल्या तलावाचं जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं, तो दगडांचा उतार म्हणजे सांडवा. पंधरा-वीस पावलांत पलीकडे जाता येईल. पण अक्का तिथे थांबायच्या, वळायच्या, आल्या वाटेनं सगळं अंतर परत यायच्या आणि मग दुसऱ्या बाजूने, जुन्या बागेतून, त्याच सांडव्याच्या पलीकडच्या काठापर्यंत जाऊन पुन्हा मागे फिरायच्या. म्हणजे एका फेरीसाठी दोन फेऱ्यांचं चालणं.

मी त्यांच्या सोबत जवळजवळ दोन वर्षं चालले आणि शेवटचा महिना-दीड महिना सोडला तर मला यातलं काहीही कळलं नाही.

मी कुडाळकडची. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा विशीही गाठली नव्हती. ऐंशी सालानंतरची पाच-सात वर्षं उलटली असतील. आमचे हे डाळमिलमध्ये फिटर होते, सकाळी गेले की संध्याकाळीच दिसायचे. घराबाहेर पडलं की मला गल्ल्या एकसारख्या वाटायच्या आणि बायकांचं बोलणं अर्धंच समजायचं. पुढे पुढे छातीत धडधडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही. सकाळी मोकळ्या हवेत चालत जा." मला त्यांचं हसू आलं. भाजी आणायला जाऊन वाट चुकणारी मी, चालायला कुठे जाणार?

दोन घरं सोडून राहणाऱ्या अक्कांना हे कसं कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी उजाडताना दार वाजलं. नऊवारी नव्हे, साधं गोल पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मूळच्या शिंदखेड्याच्या. "चाल व पोरी," म्हणाल्या. मी म्हटलं, "अक्का, मला भीती वाटते." तर म्हणाल्या, "मग चालता-चालता घाबर. घरात बसून घाबरलं की भीती मोठी होते, आपण तेवढ्याच राहतो."

अक्कांचं बोलणं असं होतं. शाळेची भाषा स्वच्छ, आणि मौज वाटली की मधेच शिंदखेडा बाहेर यायचा. एकट्या राहायच्या. मुलगा प्रकाश पुण्याला नोकरीला. घरात बुद्धाची एक छोटी मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजं फूल, आणि भिंतीला लागून पुस्तकंच पुस्तकं. ती पुस्तकं कधी उघडलेली मला दिसली नाहीत. एवढी वाचून झाली असतील, असं मला वाटायचं.

फेरी अपुरी का, हे मी त्यांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "पलीकडे कुत्री आहेत." पण मला तिकडे कुत्री दिसली नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "सगळंच पुरं करायचं असतं का गं?" तिसऱ्यांदा नुसत्या हसल्या. शेवटी मी शेजारच्या नलूबाईंना विचारलं. त्या सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, "अवं, एवढं बी तुले माहीत नही? महादेवाले पुरी प्रदक्षिणा घालतंस का? पिंडीचं पाणी जठून वाहतं ती पन्हाळी वलांडत नही. तसंच ते!"

मला एकदम पटलं. आमच्या गावच्या देवळातही असंच. पन्हळीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. त्या दिवसापासून मीही सांडव्यापाशी हात जोडायला लागले. अक्का शेजारी उभ्या राहून विचारायच्या, "झालं का तुझं?" त्यात काय गंमत होती, ते मला कळायचं नाही. बुद्धाला मानणारी बाई महादेवाचा नेम कशाला पाळेल, हा प्रश्न डोक्यात यायचा, पण तो मी बाजूला सारायचे. मोठ्या माणसांचं काही कारण असेल.

बागेत मात्र माझी परीक्षाच असायची. कुणा इंग्रज साहेबाने लावलेली ती बाग. मधे कोरडं कारंजं, जिथे बँड वाजायचा म्हणे तो गोल चौथरा आणि हत्तीच्या अंगासारख्या खोडांची जुनी झाडं. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी. अक्का छत्रीचं टोक पाटीकडे करायच्या. "काय लिखेल शे?"

माझी शाळा तिसरीतच सुटली होती. अक्षरं ओळखीची होती, पण जोडून वाचायला घेतलं की ती सुटी व्हायची. मी घामाघूम होऊन वाचायचे, "गो... र... ख... चिंच." अक्का म्हणायच्या, "पुढे?" पुढे काहीतरी लांबलचक लिहिलेलं असायचं, झाड कुठल्या देशातून आलं वगैरे. एकदा मला कंटाळा आला. पाटी गंजली होती. वर न बघताच मी ठोकून दिलं, "कडुनिंब." अक्का पुढे झाल्या, खोडावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही बकुळ आहे. वाच. अंदाज नको सांगू." मला रडू आलं, आणि रागही. रिटायर झाल्या तरी बाईंची शाळा सुटत नाही, असं मनात म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी ती पाटी पदराने पुसून पुरी वाचली. वर्षभरात बागेतल्या सगळ्या पाट्या झाल्या. मग अक्का घरी वर्तमानपत्र पुढे करायला लागल्या, मग पुण्याहून आलेली पत्रं. "वाच. मोठ्याने वाच, मनात वाचणं कुणीही करतं." पत्रं वाचताना मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. दुसऱ्याच्या मुलाचं पत्र. पण मी वाचायचे, कारण मला वाचता येत होतं, आणि ते मला या बाईंनी दिलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एक दिवस पाळेवर पाइपासाठी चर खणला होता. कंबरभर खोल, रस्ता आडवा कापलेला. दोन्ही बाजूंना काठ्या आणि त्यांना लाल फडकी. मी चपलेचा अंगठा तुटला म्हणून चार पावलं मागे राहिले होते. वर बघितलं तर अक्का त्यांच्या नेहमीच्या चालीने सरळ त्या चराकडे चाललेल्या. मला वाटलं, थांबतील. थांबल्या नाहीत. मी ओरडले. असं ओरडले की धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

अक्कांचा एक पाय काठावर होता. मातीचं ढेकूळ सुटून आत पडलं, त्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"एवढं वरडाले काय हुयनं?" म्हणाल्या. "माले बठ्ठं दिखस, सगळं दिखस." आणि मग तिथेच खाली बसल्या.

मी शेजारी बसले. मग त्या शाळेच्या भाषेत बोलल्या. काचबिंदू. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेलीही हळूहळू जाईल. बाजूचं केव्हाच गेलं होतं, आता समोरचंही धुरकट. "ही वाट माझ्या पायांना पाठ आहे. किती पावलांवर बोरी, कुठे उतार, सगळं. सांडव्याचे दगड तेवढे पाठ होत नाहीत. शेवाळ रोज वेगळं असतं."

म्हणजे महादेव नव्हता, कुत्री नव्हती. मी हात जोडत होते ते कशाला, तेही आता कळेना.

"प्रकाशला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "तो न्यायला येईल. तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली उतरलं की मोटारींचा रस्ता. तिथे मी खुर्चीत बसेन, दुसरं काय? शपथ घालत नाही. पण सांगू नकोस."

मी हो म्हटलं. मग न राहवून विचारलं, "अक्का, त्या पाट्या तुम्ही मला शिकवायला वाचायला लावत होता, की तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून?"

त्या हसल्या. "तुला वाचता आलं ना?"

दिवाळीला प्रकाशभाऊ आले. त्यांना घेऊन आम्ही दोघी बागेपर्यंत गेलो. अक्का असं काही चालल्या! "ते बघ, म्हशी उतरल्या पाण्यात." घंटा मला ऐकू आल्या, तशा त्यांनाही आल्या असणार. "यंदा बोरी लवकर फुलल्या." वासावरून. प्रकाशभाऊ खूश. मी मागून चालत होते आणि माझी जुनी धडधड सुरू झाली होती. चर बुजवला होता, पण त्या जागी माती अजून मऊ होती. उद्या दुसरीकडे खणतील. मी दर वेळी चार पावलं मागे असेन की दोन, हे कुणी सांगावं?

निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात आले. "वहिनी, आई बरी दिसते. पण खरं सांगा, तिला नीट दिसतं ना?"

'हो' म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. मी खाली बघत राहिले, आणि माझं ते गप्प राहणं त्यांनी पुरं वाचलं.

आठ दिवसांत घराला कुलूप लागलं. पुस्तकं शाळेला गेली. रिक्षात बसताना अक्कांनी माझा चेहरा हातांनी चाचपला. रागावल्या असतील तर हातांवरून ते कळत नव्हतं. "बरोबर केलंस की चूक, मला ठरवता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुझं ठरलं तर पत्र लिही."

चार वर्षं त्या पुण्याला होत्या. त्या गेल्याचं मला कार्डावरून कळलं. त्या चार वर्षांत मी त्यांना पुष्कळ पत्रं लिहिली. पाऊस कसा आहे, तलाव भरला की नाही, मला मुलगी झाली, मग ती बालवाडीत जायला लागली, नलूबाईंच्या सुनेला जुळं झालं. प्रत्येक वेळी शेवटी एक ओळ लिहायला घ्यायचे: अक्का, तुम्ही माझ्यावर रागावलात का? आणि प्रत्येक वेळी पेन तिथेच थांबायचं. पत्र त्यांना प्रकाशभाऊच वाचून दाखवणार होते. माझा हा प्रश्न अक्कांना मुलाच्या आवाजात ऐकावा लागला असता, आणि उत्तरही, त्यांना पुण्याला नेलेल्या त्याच मुलासमोर, द्यावं लागलं असतं.