डाळ शिजणारं पाणी

प्रयोगशाळेत चार वर्षं काढली की प्रबंधात मावतं त्यापेक्षा न मावणारंच जास्त साठतं. सर म्हणतात, "डेटा दाखवा." माझ्याकडे डेटा कमी आणि किस्से जास्त, म्हणूनच बहुधा माझी पीएचडी अजून चालू आहे.

आमचं काम सांगायला सोपं. लोखंडाच्या क्षारांपासून अतिशय बारीक, काळी चुंबकीय पूड बनवायची आणि दूषित पाण्यात ढवळायची. पाण्यातलं शिसं तिला चिकटतं. मग बीकरला बाहेरून चुंबक लावायचा, की पूड शिशासकट एका बाजूला येते.

* * *

पहिल्यांदा हे जमलं तेव्हा दोन मिनिटांत काळं पाणी नितळ झालं. सर खुशीत होते. आमचे लॅब अटेंडंट रफिकभाई चष्मा पुसून बीकरकडे बघत राहिले.

"मॅडम, काला तुमीच डाले, निकाले बी तुमीच. इसमें कमाल क्या है?"

शिसं डोळ्यांना दिसत नाही, हे त्यांना समजावताना मीच जरा चाचरले. जे कुणाला दिसलंच नव्हतं, ते काढल्याची शाबासकी आम्ही मागत होतो.

* * *

तो चुंबक गुलमंडीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून आणलेला, जुन्या स्पीकरचा. रफिकभाईंनी तो डाव्या हातात धरून आणला आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडलं. निकाहात सासऱ्यांनी दिलेलं होतं ते.

"पानी का सीसा निकालते, निकालो. मेरा टाइम कायकू निकाले?"

मला फार वाईट वाटलं. ते मात्र घड्याळ अजून घालतात आणि वेळ मला विचारतात.

* * *

पाण्याचा नमुना आणायला आम्ही शहराबाहेरच्या एका वस्तीवर जायचो. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायची एक शेड होती, आता बंद आहे. शेडमागं विहीर, आणि विहिरीजवळ मेंढ्या पाळणाऱ्या कौसाबाईंचं घर.

सर म्हणाले, "मावशी, तुमच्या पाण्यात जड धातू आहेत."

"जड नाय ओ सर. जड पाण्यात डाळ शिजत नाय. आमची तर मेणावानी शिजते."

सरांनी पाव तास समजावलं. कौसाबाईंनी सगळं ऐकलं आणि आत जाऊन शिजलेली डाळच वाटीत आणून दाखवली. पुरावा चोख होता.

मग कौसाबाईंनी आवाज खाली करून विचारलं, "सून पोटुशी हाय माझी. तिनं प्यावं का नाय हे पाणी?"

"तिनं तर अजिबात नाही," सर म्हणाले. "शिसं बाळापर्यंत पोचतं."

"मंग काय प्यावं?"

सरांनी वही मिटली. टँकर आला तर ठीक, नाही तर तीच विहीर. परत आल्यावर सरांनी टँकरसाठी अर्ज लिहिले, मी टाइप केले. पुढच्या प्रत्येक फेरीला कौसाबाईंनी तोच प्रश्न विचारला.

* * *

एकदा रफिकभाईंनी मला गाठलं.

"सीसा पावडर को चिपका. फिर?"

"पावडर ॲसिडनं धुतो. शिसं ॲसिडमध्ये उतरतं."

"और ॲसिड?"

"कॅनमध्ये."

"और कॅन?"

"तुमच्या कपाटात, रफिकभाई."

"मतलब गाँव का सीसा मेरे पास." त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. मी हसले, पण त्या दिवसापासून त्या कपाटाकडे पाठ करून बसवत नाही मला.

* * *

परवा विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. आमच्या पुडीनं जवळजवळ सगळं शिसं काढलं होतं. मला राहवेना. मी थेट कौसाबाईंना फोन लावला.

"मावशी, तुमच्या पाण्यातलं शिसं निघालं!"

"लई बेस झालं बाई. किती पाणी साफ झालं?"

मी टेबलावरच्या बीकरकडे बघितलं.

"शंभर मिली."

"म्हंजी किती?"

"अर्धा पेला, मावशी."

पलीकडं त्या कुणाला तरी गप्प बस म्हणाल्या. मग फोन तोंडाजवळ घेऊन हळूच बोलल्या,

"तेवढं सुनंसाठी ठिवा. उद्या बाटली घिऊन येते मी."