भावोजींचा हॉलमधला समुद्र

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात बोंबलांनी बरबटलेले होते. फोन ओट्यावर वाजत राहिला, मी कोपराने तो घ्यायची खटपट करत राहिले, आणि एकदाचा स्पीकर लागला तेव्हा पलीकडून त्यांची मुलगी ऋतुजा एवढंच म्हणाली, "काकी, बाबा..." पुढचं मला विचारावं लागलं नाही. खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतंच. पित्ताशयातले खडे काढायला ते वाशीला हॉस्पिटलात भरती झाले होते, ऋतुजा रजा काढून आली होती, ऑपरेशन नीट पार पडलं होतं, घरी सोडायची तयारी चालू होती. सकाळी चहा पिता पिता हृदयाने दगा दिला. आदल्या संध्याकाळीच मी त्यांना भेटून आले होते. तब्येतीचा विषयच नाही, पहिला प्रश्न घरच्या टाकीतल्या माशांचा, "वहिनी, माशांना घातलंत? किती घातलंत?" मी म्हटलं, चिमूटभर. तर पडल्या पडल्या बोट वर करून म्हणतात, "चिमूट माझी हां, तुमची नको. तुमच्या चिमटीत पाव वाटी मावते." शेजारच्या खाटेवरचा पेशंट टाके धरून हसला. एवढ्या वर्षांच्या दीर-भावजयीच्या नात्यातलं हे शेवटचं बोलणं... माझ्या चिमटीची निंदा. यापेक्षा बरा निरोप आम्हा दोघांना जमलाही नसता.

मी लग्न होऊन आले तेव्हा वसंतभावोजी दहावीत होते आणि आमच्याकडेच राहायचे. तेव्हापासून मी त्यांना ओळखते ते घाईचा पुतळा म्हणून. पोळी तव्यावरून ताटात पडायच्या आधी त्यांच्या तोंडात. पुढे नोकरीही अशी मिळाली की घाईला खतपाणीच. वाशीच्या एपीएमसी मार्केटात, फळबाजारातल्या एका आडत्याच्या गाळ्यावर त्यांची सगळी हयात गेली. पहाटे माल उतरवायचा, उजाडेपर्यंत सौदा करायचा, दुपारपर्यंत गाळा रिकामा. आज पिकलेला आंबा उद्या उतरतो आणि परवा फेकावा लागतो, हे त्यांचं जगाबद्दलचं मत होतं आणि ते माणसांनाही लावायचे. मग माझी जाऊ गेली, ऋतुजा नोकरीला बंगळूरला गेली, गाळ्यावरचं कामही सुटलं. कोपरखैरण्यात आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये त्यांचा फ्लॅट, तिथे हा माणूस एकटा आणि सगळी घाई जवळ उरलेली. दिवसातून चारदा जिने चढून यायचे आणि चहा गार व्हायच्या आत परत जायचे.

अशात त्यांची दाढ दुखायला लागली. दाताच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता आणि समोर खाऱ्या पाण्याची टाकी होती. आपल्या नेहमीच्या फिशटँकसारखी नाही. समुद्राचाच एक तुकडा कापून काचेत ठेवावा तशी. दगड, त्यावर डुलणारी प्रवाळं, त्यांतून फिरणारे नारिंगी पट्ट्यांचे मासे. त्यांचा नंबर आला तर म्हणे, "राहू दे, पुढच्याला पाठवा." दाढ काढायला गेलेला माणूस टाकीचा ध्यास घेऊन घरी आला.

टाकी हॉलमध्ये बसली त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला सगळ्यांना पोहे खायला बोलावलं. उद्घाटन! आम्ही नटूनथटून गेलो. आत पाहतो तर वाळू, दगड आणि पाणी. मासे कुठायत, तर दुकानदाराने सांगितलेलं, दीड-दोन महिने काही सोडायचं नाही. दगडांमध्ये डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढायला हवेत, माशांची घाण तेच पचवतात, ते नसतील तर मासे आपल्याच घाणीने मरतात. हे सगळं ऐकायच्या आधीच भावोजींनी निमंत्रणं देऊन टाकली होती. बोनकोड्याहून मासळी घेऊन येणाऱ्या लीलाबाईही टोपली दारात ठेवून आत डोकावल्या. "भाऊ, याच्यान हाय काय?" भावोजी मोठ्या रुबाबात म्हणाले, "पाणी." लीलाबाई म्हणाल्या, "पानी त आमच्या नलाला पन हाय." पोहे मात्र छान झाले होते.

अर्थात दीड महिना काय, त्यांच्याने आठवडाही निघाला नाही. गुपचूप एक मासा आणून सोडला आणि तो दोन दिवसांत गेला. त्यांनी त्याला तुळशीच्या कुंडीत पुरला आणि माझ्याकडे आले. मी चहा दिला. तो गार होईपर्यंत बसले, मग पूर्ण प्यायले. मला वाटतं, भावोजी त्या दिवशी पहिल्यांदा थांबले. पुढे दोन महिने हा माणूस रोज सकाळी स्टूल घेऊन दगडांसमोर बसायचा आणि विचारलं की सांगायचा, "काही नाय वहिनी, वाट बघतोय." बाजारातल्या त्यांच्या जुन्या मित्रांना हे सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

मग एक मासा आला, त्याला जोडीदार आला, आणि भावोजींच्या शिकवण्या सुरू झाल्या. रोज सकाळी तांब्याभर गोडं पाणी टाकीत घालायचे. मला कोडं पडलं, खाऱ्या टाकीत गोडं कशाला? "उडतं ते पाणी, वहिनी. मीठ तिथंच राहतं. खारं घालत गेलात तर नुसतं खारटच होत जाणार." म्हटलं, हे तुमच्या भावाला सांगा, त्यांचंही तसंच आहे. आमचे हे पेपरमागून हुंकारले.

पाण्यावरून तर रामायण झालं. गावाहून येणारा माणूस काजू, कोकम, सुकी मासळी घेऊन येतो. आमच्याकडे समुद्र यायला लागला. आमचं गाव दापोलीकडे, अगदी किनाऱ्याला. विकतचं मीठ कशाला, आपला हक्काचा समुद्र आहे की, म्हणून भावोजींनी चुलतभाऊ दत्ताला कॅन भरून आणायला सांगितलं. दत्ता बिचारा एसटीत कॅन मांडीत घेऊन यायचा. एकदा पावसाळ्यात त्याने आणलेल्या पाण्याचा थेंब भावोजींनी खारेपणा मोजायच्या त्यांच्या चिमुकल्या दुर्बिणीत घातला आणि डोळा लावून म्हणाले, "दत्ता, हे आपल्या समुद्राचं नाय." दत्ता आधी शपथा घेत होता, मग पघळला. "अवो, दर्या लय खवळलेला, पाय ठरंना. खाडीचं भरलं. ता पन खारटच हाय की!" भावोजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर ते पाकिटातलं मीठ आणून बादलीत समुद्र कालवायला लागले, पण दत्ताला आपण दिलेलं पाणीच अस्सल होतं असं अजून वाटतं.

या सगळ्यात त्यांची लाडकी होती ती छत्री. अळंबीसारखं एक मऊ प्रवाळ, वर बारीक बारीक फुलांचा थर, पाणी हललं की तो थर वाऱ्यावरच्या भातासारखा हलायचा. दुकानातून आणली तेव्हा नखाएवढी होती, वाढत वाढत ताटलीएवढी झाली. मधूनच ती मिटून जायची, अंगावर मेण चढल्यासारखी दिसायची, आणि मला वाटायचं, संपली. भावोजी मला काचेपासून लांब करायचे. "कात टाकतेय ती. हात लावू नका, दिवा हलवू नका, काही करू नका." खरंच चार दिवसांनी ती नव्याने फुलायची. आणखी एक गंमत सांगते. माणूस अट्टल मासेखाऊ, पण बांगडा ताटात असला की टाकीकडे पाठ करून जेवायला बसायचे. "त्यांच्यासमोर बरं दिसत नाय." मे महिन्यात भर दुपारी वीज गेली की आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो आणि त्या घरात बॅटरीवर चालणारा एकमेव पंप माशांना हवा द्यायचा.

आणि मग ते गेले. दिवसांत त्यांचा फोटो हॉलमध्ये टाकीशेजारीच ठेवला होता. माणसं भेटायला येत होती, मी आणि ऋतुजा आत चहाच्या आधणात बुडालेल्या. फोटोला नमस्कार करून माणूस वळला की समोर मासे. बिचारे मुके जीव, मालक गेलेला त्यांना कळणार कसा... शेजारीच खाऊचा डबा. गेलेल्याच्या नावाने मुक्या जिवाला घास घालायचा, हे तर आपल्या रक्तातच. आत्याबाईंनी घातला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी घातला, गाळ्यावरचे झाडून सगळे आले त्यांनी एकेक घातला. दत्ताने तर नैवेद्याच्या पानातला भात सोडला, वसंताला भात लई आवडायचा म्हणून. कोणी कोणाला विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यालाच सुचलंय. एवढ्या मायेची घाण त्या दगडांना कशी पचणार! मी बाहेर येऊन पाहिलं तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं, मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि छत्री एका बाजूला कलली होती.

ऋतुजा म्हणाली, "काकी, दुकानदाराला देऊन टाकू. आपल्याला नाही जमणार." मी नाही म्हटलं. मला ती टाकी वाचवायचीच होती. भावोजींना वाचवायला आमच्यापैकी कोणाच्या हातात काही नव्हतं, इथे निदान बादली तरी होती. दुकानदाराने फोनवर सांगितलं, सगळं पाणी एकदम बदललंत तर उरलेलेही मरतील. रोज थोडं काढा, थोडं घाला, खाऊ बंद. मग आम्ही दोघी सुतकात बसून समुद्र कालवू लागलो. आमचे हे, जे भाऊ गेल्यापासून कोणाशी धड बोलले नव्हते, ते उठले आणि टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याचा हात डब्याकडे गेला की म्हणायचे, "घालायचं असेल तर मला घाला." लोक चमकायचे, मग हसायचे, आणि त्या घरात पहिल्यांदा जरा मोकळं हसू आलं.

मासे वाचले. छत्री नाही वाचली. ती काळी पडली, विरघळायला लागली, तिला असा वास सुटला की बाहेर काढावीच लागली. भावोजींना नेलं तेव्हा मी रडले नव्हते, लोकांचं चहापाणी बघत होते. पण हातमोजे घालून ती छत्री पिशवीत भरताना मला असं रडू कोसळलं की ऋतुजाने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. त्यांनी इतकी वर्षं जपलेलं आपल्याला एक आठवडा जपता आलं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्याच संध्याकाळी ऋतुजाने बाबांच्या फोनवरून, टाकीवाल्यांचा जो त्यांचा ग्रुप होता, त्यावर कळवलं: बाबा गेले, मासे आहेत, छत्री गेली. दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी. मनीषा नाव, खारघरला कॉलेजात शिकवते, मी तिला कधी पाहिलेलं नाही. फोटोसमोर हात जोडले आणि पर्समधून नव्हे, थर्माकोलच्या खोक्यातून तिने एक बरणी काढली. आत दगडाच्या खपलीला रबरबँडने बांधलेला अंगठ्याएवढा तुकडा.

"ही तुमचीच आहे, काकू. काकांनी मला एवढाच तुकडा दिला होता. माझ्याकडे तिचं ताट झालंय, त्यातून काल कापला."

"कापला?" मी ओरडलेच. आम्हाला काचेजवळ श्वास घेऊ न देणारा माणूस छत्रीला कात्री लावत होता?

"लावायचीच असते. आमच्यात रीतच आहे. नीट वाढली की तुकडा काढून दुसऱ्याला द्यायचा. आपली टाकी कधी बिघडलीच, तर त्याच्याकडून परत मिळते. मी नाही म्हणाले असते तरी नेरूळच्यांनी आणली असती. ऐरोलीला आहे, पनवेलला आहे... काकांनी कितीजणांना दिलीय, त्यांनाच माहीत."

ऋतुजाने फोन उघडला. ग्रुपवर फोटोंचा ढीग पडला होता. अनोळखी हॉल, अनोळखी पडदे, आणि प्रत्येक काचेमागे आमची छत्री, कुठे वाटीएवढी, कुठे हातभर. खाली एकच वाक्य फिरून फिरून: काकांनी दिलेली. आमचे हे चष्मा काढून एकेक फोटो बघत बसले, आणि ऋतुजाने तिथल्या तिथे, टाकी सांभाळायला म्हणून, फ्लॅटची किल्ली माझ्या हातात ठेवली.

तो तुकडा आम्ही मोकळ्या दगडावर बसवला. पहिले काही दिवस तो मिटूनच होता. मी काही केलं नाही. गेल्या आठवड्यात दुपारी स्टुलावर बसले होते, तर त्याच्या टोकावर बारीक फुलं उघडलेली दिसली, मोजून सात-आठ असतील. मी लगेच मनीषाला फोन लावला.

"बघा!" ती म्हणाली. "आता वाढली की तुम्ही पण एक तुकडा कोणाला तरी द्यायचा हं, काकू."

"केवढी व्हायला हवी?"

"तळहाताएवढी तरी. दोन-तीन वर्षं धरा."

सत्तरी ओलांडलेली मी, साखर चढलेली, गुडघे गेलेले. मी त्या सात-आठ फुलांकडे पाहिलं आणि म्हटलं, "बरं. म्हणजे तोवर मला कुठे जाता यायचं नाही."