गादीवर पाय

सुमती घरत ब्लाउज शिवायची. पनवेलच्या बाजारपेठेमागच्या आळीत तिचं मशीन ओटीवरच मांडलेलं असे. शिवणीत ती माया भरपूर ठेवायची, कारण बायका अंगाने सुटतात आणि उसवायला आपल्याकडेच येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अशा बाईकडे दादरहून एक मुलगी आली आणि तिने परग्रहावरच्या माणसांचे शर्ट शिवून मागितले, हे आळीला पचायला जरा जडच गेलं.

मुलीचं नाव माधुरी. टीव्हीच्या कुठल्याशा मालिकेचा कपडेपट ती सांभाळत होती. शूटिंग कोनच्या पलीकडे, खडीच्या एका बंद खाणीत चालणार होतं.

"असं आहे काकू," ओटीवर मांडी घालून माधुरीने समजावलं, "आपली पृथ्वी कधीच संपलीय. लांबच्या एका ग्रहावर निळी माणसं राहतात. पृथ्वीवरची एकच गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीय. बेसबॉल."

"क्रिकेट नाय पोचला?"

"क्रिकेट दाखवलं की लोक स्कोअर विचारत बसतात, असं आमचे डायरेक्टर म्हणतात."

खेळ कसा ते माधुरीलाही कॅसेटवर पाहिल्यापुरतंच माहीत होतं. बॅटने चेंडू टोलवायचा. मैदानात चार कोपरे, त्यांवर पांढऱ्या गाद्या. त्यांना पाय लावत पळायचं आणि निघालो तिथेच परत यायचं.

"मग निघायचं कशाला?" सुमती म्हणाली आणि दोरा ओवू लागली. गाद्याही तिनेच शिवाव्यात असं ठरलं. लोडांना घालतात तसलं जाड कापड घेऊन तिने त्या शिवल्या, आत चांगला कापूस ठासला.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला हे सगळं रंगवून सांगितलं. काशिराम तळोज्याच्या एका कंपनीत कामाला होता. माणूस मुळात कमी बोलणारा, पण निळी माणसं ऐकल्यावर त्याचा घास हातातच राहिला.

"कपडे पोचवाला तूच जानार?"

"मी कशाला? ती पोरगी येऊन नेल."

काशिरामने घास तोंडात घातला. भाकरी संपवून, हात धुऊन तो लवकर झोपला.

शर्ट गेले, आणि चारच दिवसांत माधुरी रिक्षा घेऊन दारात. शर्ट बगलेत फाटत होते. ब्लाउज शिवणाऱ्या हाताने बगल अंगाबरोबर कापली होती. बाईच्या ब्लाउजला ती तशीच शोभते, पण बॅट फिरवायला हात वर गेला की शिवण टर्रकन जायची. सुमतीला फार लाजल्यासारखं झालं. सुई, कात्री आणि उरलेलं कापड पिशवीत घालून ती तशीच रिक्षात बसली.

खाणीत उतरल्यावर मात्र ती जागीच थबकली. खालच्या सपाटीवर निळी माणसं बसली होती. चेहरे निळे, हात निळे, डोक्याला घट्ट रबरी टोप्या, भुवया गायब. अंगात तिने शिवलेले शर्ट. त्यातला एकजण बिडी ओढत होता.

"आपल्याच गावांतले आहेत सगळे," माधुरी हसून म्हणाली. "मजुरांच्या नाक्यावरून आणलेत. बसा, हा शॉट होऊ दे."

शॉट काही होत नव्हता. चेंडू टोलवला जायचा, निळा माणूस पळत सुटायचा, आणि गादीपाशी पोचला की तिला वळसा घालून पुढे जायचा. दुसरा आला, त्यानेही तेच केलं. तिसरा तर गादीवरून उडी मारून गेला.

"पाय द्या! गादीवर पाय द्या!" डायरेक्टर कर्ण्यातून ओरडत होता.

"नवी कोरी गादी हाय साहेब," एक निळा माणूस म्हणाला. "तिच्यावर पाय कसा द्याचा?"

मग पुढचा गडी निघाला. उंच, डावा खांदा जरा उतरलेला. गादीपाशी येऊन तो थांबला. त्याने सपाता काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या. वाकून गादीला हात लावला, तो हात कपाळाला नेला, मग उजव्या कानाच्या पाळीला. आणि अनवाणी पाय गादीवर ठेवला.

सुमतीच्या हातातली कात्री मांडीवर पडली.

विचुंब्याच्या जत्रेतल्या कबड्डीच्या मैदानात, लग्नाच्याही आधी, तिने हा हात पाहिला होता. मधल्या रेषेला, कपाळाला, मग कानाला. बाकीचे गडी कपाळावर थांबत. कानापर्यंत जाणारा एकच होता, आणि तिने त्याला तेवढ्यावरूनच पसंत केलं होतं. सकाळी त्याच माणसाच्या हातात तिने डबा दिला होता. तो कंपनीत गेला होता.

"हेच!" डायरेक्टर उभाच राहिला. "ह्या ग्रहावर असंच करतात. सगळ्यांनी असंच करायचं."

मग निळी माणसं एकामागून एक पळत आली, वाकली, हात कपाळाला, हात कानाला. सुमतीचा नवरा त्या सगळ्यांत वाटला गेला. कोणाकडे बघावं ते तिला कळेना.

"काकू, ह्यांचा शर्ट बघा आधी," माधुरी त्यालाच घेऊन आली. "आता ह्यांच्यावरच कॅमेरा राहणार. अंगावरच शिवता येईल का?"

तो समोर उभा राहिला. निळ्या रंगातून फक्त डोळे ओळखीचे दिसत होते, आणि ते जमिनीकडे होते.

"हात वर करा," सुमती म्हणाली.

त्याने केला. बगलेत घामाबरोबर घरच्याच साबणाचा वास होता. तिने पहिला टाका घातला.

"सुमे..."

"हलू नका. सुई लागंल." दोन टाके गेले. "कवापासून?"

"दिवालीपासून. गेटला कुलूप लागला."

"पगार आनता तो?"

"हिशेबाचं मिललं, त्यातलंच." त्याचा आवाज खाली गेला. "हितं कोनाला बोलू नको. सगले ओलखीतले हायत. त्यांना सांगितलाय, रजा काढून मजा म्हनून आलोय."

माधुरी जवळ आली. "ओळखता का काकू ह्यांना?"

बाजूला बिडीवाला निळा माणूस मान वळवून ऐकत होता. सुमतीच्या बोटांत सुई तशीच राहिली.

"सगलेच निले," ती म्हणाली. "कोनाला ओलखनार?"

शिवण अर्धी झाली आणि डायरेक्टरने त्याला परत बोलावलं. राहिलेली उद्या करू, माधुरी म्हणाली.

संध्याकाळी काशिराम रोजच्या वेळेला घरी आला. शर्ट-पँट, हातात डबा, चेहरा खसखसून धुतलेला. कानामागे निळा पट्टा राहिला होता. सुमतीने खोबरेल तेलाची बाटली आणि चिंधी घेतली.

"खाली बसा. पान्याने नाय निंगत तो."

तो बसला. ती कानामागे पुसू लागली. विचारायचं बरंच होतं, त्यातलं भलतंच पुढे आलं.

"शूटिंग तर आत्ता लागला. त्याच्या आधी डबा कुठं खायचात?"

"ठेसनावर. बाकड्यावर."

"रोज?"

"रोज." मग तो म्हणाला, "तुला बगितला एकदा. कापडाचा गठ्ठा घेऊन चाललेलीस. जड व्हता. मधी दोनदा खाली ठेवलास."

सुमतीचा हात थांबला. खोटं बोलला, लपवलं, हे सगळं ती दुपारपासून गिळत होती. हे मात्र गिळता येईना. तो गठ्ठा तिला आठवत होता. दुसऱ्यांदा खाली ठेवला तेव्हा कोणी ओळखीचं दिसतं का म्हणून तिने चौफेर पाहिलंही होतं.

"हाक माराची."

"कशी मारू? मी कंपनीत व्हतो ना."

चिंधी निळी झाली होती. ती उलटी करून ती पुन्हा पुसत राहिली.

सकाळी तिने डबा भरला. रोजच्यासारखा तो त्याच्या हातात दिला, आणि स्वतःची पिशवीही उचलली.

"तू कुठं?"

"बगल अर्धी ऱ्हायलेय."

दोघं बरोबर बाहेर पडले. कोपऱ्यावर सखूबाई मासळीची पाटी उतरवत होती. तिच्या कानावर गेलेली गोष्ट दुपारपर्यंत आळीत फिरलेली असे.

"आज जोडीनं? कंपनीत बायकांना पन घेतात का रं काशिराम?"

काशिराम पुढे सटकायला बघत होता. सुमती मात्र उभी राहिली.

"ह्यांची कंपनी बंद झाली," ती म्हणाली. "दिवालीलाच. आता खेलाला जातात. टीव्हीत."

सखूबाईचा हात पाटीतच राहिला. काशिरामने सुमतीकडे असं पाहिलं, की जणू भर रस्त्यात तिने त्याचा सदरा ओढून काढला होता.

"खेलाला?" सखूबाईने त्यालाच विचारलं. "काय खेलतोस?"

डबा त्याने या हातातून त्या हातात घेतला.

"बेसबॉल," तो शेवटी म्हणाला. "पलत जायाचा, आनि परत येयाचा."