मांडवात न आलेली देवी

माणसाला वर नेणारा फुगा लष्कराजवळ आहे, असे इंग्रज सरकारने एकदाचे कबूल केले, तेव्हा शीळ गावच्या हौसाबाईला हसू आले. तिने तो कितीतरी आधी पाहिला होता, आणि पाहिल्याची शिक्षाही भोगून झाली होती.

हौसाबाई धवलारीण. म्हणजे आगऱ्यांच्या घरी धवले गाऊन लग्न लावणारी बाई. तिने मांडवात देवांना नावानिशी बोलवायचे, मागच्या बायांनी तिची ओळ झेलायची, म्हणजे तिच्यामागून तीच गायची, मग हळद लागायची. धवल्याशिवाय लग्न लागले असे कोणी मानत नसे. पार कल्याण-शहाडहून तिला बोलावणी यायची.

एका सकाळी ती डोंगरापलीकडे गवताला गेली, तर समोर कापडाचा हा भला मोठा गोळा वर चढत होता. खाली शिपाई दोरखंड धरून घामाघूम, वर टोपलीत गोरा साहेब. वाऱ्याने साहेबाची टोपी उडाली ती हिच्या पायाशी पडली. एक शिपाई धावत आला, टोपी उचलली आणि हिला हाकलून दिले.

गावाने मात्र डोंगरामागून नुसता चकाकणारा माथा पाहिला. मग काय विचारता. देवी आली म्हणून कोंबडी कापायला सुरुवात झाली. डोंगरापलीकडच्या लष्करी छावणीतून दरडावणी आली, कोणी काही पाहिलेले नाही. पोलीस पाटील काळुराम मोठा बेरकी. त्याने साहेबाला सुचवले, लोकांना देवीच म्हणू द्या, म्हणजे फुग्याचे नाव कोणी काढणार नाही. साहेब खूश, पाटील खूश, गाव तर आधीच खूश.

अडली ती हौसाबाई. "देवीला दोरखंड कशाला लागतीन?" असे तिने भर विहिरीवर विचारले.

काळुरामने तिला अंगणात बोलावून घेतले. "हौसाबाय, देवी म्हन, तुझाच मान वाढंल. फुगा म्हनशील तर खोटारडी ठरशील. खोटारडीला मांडवात कोन बोलवंल?"

"ज्या तोंडानं देवांना बोलावतंय, त्या तोंडानं साहेबाला देवी म्हनू? नाय जमायचा."

पाटलाने शब्द खरा केला. लगीनसराई आली, पण लोकांनी दुसऱ्या गावच्या धवलारणी आणल्या, तिच्या दारी कोणी फिरकले नाही. ती चिडली, रडली, पण शब्द फिरवला नाही.

मग पाटलाच्याच लेकीचे, चांगुणाचे लग्न निघाले. हौसाबाय गाईल तरच हळद लावून घेईन, असे पोरीने बजावले. काळुरामने अट घातली, धवल्यात नव्या देवीचे नाव आले पाहिजे. बाई उपाशी आहे, वाकेल, असा त्याचा हिशेब.

हौसाबाईने मांडवात गावदेवीला बोलावले, डोंगराला बोलावले, खाडीला बोलावले. मग थांबली.

"पुढं?" काळुराम म्हणाला.

तिने पाटलाकडे रोखून पाहिले आणि गायली,

"कापडाचा गोला गो, दोरीला बांधला,
टोपीचा साहेब, देवी नाय झायला."

मागच्या बाया गप्प. पाटलाचे डोळे त्यांच्यावर होते. धवलारणीची ओळ कोणी झेलली नाही, तर तिचा धवला कायमचा संपला. हौसाबाईला ते पुरते ठाऊक होते. तरी तिने तीच ओळ पुन्हा गायली.

नवरीने मान खाली घालून मुकाट बसायचे असते. चांगुणाने मान वर केली आणि ओळ झेलली. मग एकेक करत साऱ्या बाया गाऊ लागल्या, आणि त्या गाण्यातच हळद लागली.

आता काळुरामने हौसाबाईला खोटी म्हणायचे, तर त्याच्याच लेकीचे लग्नच खोटे ठरत होते.