आपांनी मेललाही गाव विचारलं

"गाव कोणतं तुमचं?"

माप घेण्याआधी आपा हे विचारायच्या. तोंडात टाचण्या धरूनही हा प्रश्न त्यांना स्पष्ट विचारता यायचा.

आखाडा बाळापूरला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मी तिथं काज-बटणाचं काम करायचे. दोरे विकायला आलेला माणूस 'पुसेगाव' म्हणाला, की लगेच "पुसेगावात कोणाच्या शेजारी?" त्याचं घर नीट कळेपर्यंत एक रीळ घेत नसत. कळलं की मात्र चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

मी अगदी त्यांच्या उलट. बँकेच्या खिडकीपाशी काही विचारायची वेळ आली, की मी दुसऱ्या कोणाला तरी पुढं करायचे.

एका दुपारी माझ्या मोबाइलवर बँकेच्या नावानं मेल आला. 'प्रिय ग्राहक, आपलं खातं आज बंद होईल. खाली दाबून माहिती भरा.' त्या खात्यात लेकीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे होते. मी घाबरले. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. नुसतं दाबायचं होतं, कोणाशी बोलायचं नव्हतं.

"थांब गं बाई!" आपांनी मोबाइल ओढून घेतला. शाळांच्या गणवेशाच्या ऑर्डरी त्यांना मेलवर यायच्या. त्यांनी बँकेच्या नावावर बोट दाबलं, तसा पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडला.

"नाव बँकेचं सांगून राहिला, अन् गाव बघ याचं! या @ अशा गोल खुणेच्या पुढं बँकेचं नाव पाहिजे. इथं भलतंच हाय."

"पण खातं बंद झालं तर?"

"अन् हे प्रिय ग्राहक काहून? पासबुकावर तुझं नाव छापलंय, तरी बँक तुला वळखत न्हाई व्हय? चल, तिथंच विचारू."

"तुमी विचारा, आपा."

"खातं माझं हाय का?"

बँकेत त्या मुद्दाम मागं थांबल्या. मी मोबाइल पुढं केला. "हा मेल तुमचा हाय का?" आवाज इतका मोठा निघाला, की सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली.

खिडकीतले साहेब म्हणाले, "आमचा नाही. दाबलं नाहीत ना? छान केलंत. खातं चालू आहे."

आता आपा नांदेडला मुलाकडे असतात. दुकानाला कुलूप आहे. लेक नर्सिंगला आहे. बँकेसमोर रसाचा गाडा दिसला, की मला त्या दिवशीच्या आपा दिसतात. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या, आणि रसवाल्याला ओरडून सांगणाऱ्या, "बर्फ कमी टाक रे! आज आमची बाई बोलली हाय. घसा बसंल तिचा!"