कापडी छतामागची तुळई

"छत फाडू नका!" मुनीमजी खालून ओरडले. तोवर मी शिडीवरून चाकू चालवला होता.

अकोल्याच्या स्टेशनाजवळचा तो हॉल. मालक सरकीचे व्यापारी, मुनीमजी त्यांचेच. हॉल भाड्याने घेतला होता हिवरखेडच्या गुलाबरावांनी. भाजीपाला अन् फुलं पिकवून विकणारं त्यांचं घर. आता त्यांना शहरात उपाहारगृह काढायचं होतं. आतल्या सजावटीचं काम आमच्या अमरावतीच्या ऑफिसकडे होतं. तिथे मी ओव्हरसियर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि आमचे साहेब राजधानी नागपूरला शिकून आलेले, याचा त्यांना फार तोरा.

साहेब म्हणाले होते, "जागा मी बघितलीय. आरसे, फरशी, रंग. इथेच बसून एस्टिमेट कर."

मी ऐकलं नाही. जुन्या जागेत आधी कंडिशन बघायची असते. भिंतीत ओल आहे का, ठोकल्यावर प्लास्टर पोकळ वाजतं का, छताचं लाकूड शाबूत आहे का. हे न बघता काम सुरू केलं की मधेच काहीतरी निघतं, आणि केलेलं सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं.

इथे तर छताला कोरं करकरीत कापड ठोकलेलं. बाकी हॉल कळकट, अन् कापड तेवढं नवं! म्हणून फाडलं.

"कावून फाडून राहिले तुमी?" गुलाबराव तापले. "म्या तुमाले आरसे लावाले बोलावलं!"

तुळईचं भिंतीत टेकलेलं टोक डांबराने चोपडलेलं होतं. मी पेचकस दाबला. मुठीपर्यंत आत गेला. आतून नुसता भुसा गळला. उधईने, म्हणजे वाळवीने, लाकूड खाल्लं होतं. शेजारची तुळईही तशीच.

"मुनीमजी, वर माळ्यावर काय आहे?"

"काही नाही. सरकी."

"किती?"

"माळा भरून हाये."

माझं डोकं भणाणलं. याच्याखाली माणसं जेवायला बसणार होती! "हे कापड कुणी लावलं?"

"मले काय बोलता? तुमच्याच साहेबांनं सांगतलं लावाले."

गुलाबराव शिडी चढले. त्या भोकात बोट घातलं. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

अमरावतीला परतलो तो थेट साहेबांच्या टेबलापाशी. "तुळया सडल्यात हे तुम्हाला माहीत होतं?"

"मालक माझा जुना क्लायंट आहे. माळा आपल्या एस्टिमेटमध्ये येत नाही."

"खाली पडला की येईल ना?"

"आवाज कमी कर. एस्टिमेटवर सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी सही केली नाही. रिपोर्ट लिहिला. सरकी उतरवा, दोन्ही तुळया बदला, तोवर आत कुणाला कामाला लावू नका. एक प्रत त्यांच्या टेबलावर आपटली, दुसरी टपालाने गुलाबरावांना पाठवली. नोकरी तिथेच संपली.

गुलाबराव मालकाच्या दारात जाऊन बसले. "पोते उतरवा अन् तुळया बदला. नाही तं मी ते भोक साऱ्या बाजाराले दाखवतो." मालकाने मुकाट्याने दोन्ही केलं. जुन्या तुळया काढताना त्यांची टोकं भिंतीतच राहिली, ती फावड्याने ओढावी लागली.

उपाहारगृह उशिरा उघडलं, पण ठरल्या खर्चात. पुढे भेटले तेव्हा गुलाबराव म्हणाले, "त्या दिवशी मी तुमाले लय बोललो."

"बोललात," मी म्हणालो. मला गोड बोलणं जमलं नाही.

साहेबांनी मात्र माझ्या रिपोर्टची नक्कल स्वतःच्या सहीने ऑफिसात लावली. आमच्याकडे आधी कंडिशन तपासतात, असं येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दाखवायचे. अजून आठवलं की डोकं तापतं.

जुनी जागा सजवायची असेल, तर तिचं वजन कशावर टेकलंय ते आधी उघडून बघा. बघू देत नसतील, तर ती जागा घेऊ नका.