आडवी डहाळी

कोलूचं आयुष्य सांगायचं म्हणजे एका पायवाटेचंच सांगायचं. भामरागडकडच्या जंगलात त्याचं गाव, गावापुढे नाला, नाल्यापलीकडे डोंगर आणि डोंगरावर देव. थंडी सरता सरता देवाची जत्रा भरे, आणि तिच्या आधी वाट पाहून यायचं काम कोलूच्या घराण्याकडे होतं. पडलेलं झाड बाजूला करायचं, अस्वलाचा माग दिसला तर गावात सांगायचं, आणि मुख्य म्हणजे नाला पाहायचा. हातात बांबू घेऊन तो पाण्यात शिरे. धोंडा हलतो का, वाळू पायाखालून सरकते का, सगळं चाचपून बघे. ठीक असलं तर मुकाट्यानं परत येई. नसलं तर जांभळीची ताजी डहाळी वाटेवर आडवी टाकून तिच्यावर दगड ठेवी.

ती डहाळी कुणी ओलांडत नसे. फॉरेस्टचा गार्डसुद्धा तिथून मागे फिरे. कोलूला याचा गर्व होता, आणि का नसावा? घरी बायको अन्नपूर्णा त्याचं काडीइतकं ऐकत नसे, पण त्याच्या डहाळीचं अख्खा मुलूख ऐके.

त्याची एकुलती एक लेक रंजीता डोंगरापलीकडच्या गावात दिली होती, त्याच्याच बहिणीच्या पोराला, प्रफुल्लला.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. माघात अवकाळी पाऊस गारांसकट कोसळला आणि नाला गढूळला. कोलू उतरला तेव्हा पाणी मांडीला लागत होतं, मधला धोंडा डुगडुगत होता. धडधाकट माणूस पार झाला असता. तो स्वतः झालाच. पण जत्रेला म्हाताऱ्या येतात, कडेवर लेकरं असतात. त्यानं अलीकडे डहाळी टाकली, मग पलीकडे जाऊन तिकडच्या काठावरही टाकली, कारण अर्धवट काम त्याला खपत नसे. तसाच पाण्यातून परत आला. आता डहाळीला दोनच गोष्टी सांगता येतात, जा किंवा जाऊ नका. चार दांडगे गडी असतील तर या, हे तिला कसं सांगता येणार? तेव्हा हे त्याच्या मनातही आलं नाही. जत्रा पुढे ढकलली गेली.

दोन दिवसांनी प्रफुल्ल आला, लांबच्या सडकेनं, एकटाच. पाणीही न घेता अंगणात उभा राहिला.

"मामा, रंजीता गेली."

बाळंतपण अडलं होतं. दवाखाना नाल्याच्या अलीकडे, म्हणून तिला खाटेवर घालून गड्यांनी काठापर्यंत आणलं होतं. समोर डहाळी. गडी ओलांडायला तयार झाले, पण खाटेवरून रंजीतानंच हात वर केला. "बाबानं टाकली हाये. पाणी खराब असन. फिरवा मांगं." मग सडकेकडे निघाले. सडक लागायच्या आधीच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

अन्नपूर्णानं हंबरडा फोडला. कोलूला रडूच येईना. प्रफुल्ल म्हणाला,

"मामा, डहाळी तं आमच्या काठावर होती. तुमी तिकडं कसे आल्ते?"

"चालत," कोलू म्हणाला.

प्रफुल्ल वळला आणि आल्या सडकेनं परत निघाला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर कोलूला बरं वाटलं असतं.

पुढच्या साली जत्रा जवळ आली, तशी गावातली माणसं कोलूच्या अंगणात येऊन बसली. तो हललाच नाही. शेवटी म्हातारा नथ्थू समजुतीनं बोलला, "कोलूभाऊ, वाट पाहाले काऊन नाई जात? मांगच्या साली तुमच्या डहाळीनं गाव वाचलं. एकबी लेकरू गेलं नाई."

"माझं गेलं," कोलू म्हणाला, आणि उठून घरात गेला.